आमच्या वाट्याची फेरी

"मॅडम, डोक्यातली गर्दी कमी केली आणि एखादी सीट रिकामीच राहिली, तर तिथे कोण येऊन बसतं?"

हा प्रश्न माझा नव्हता. मधल्या सुट्टीत पूनम आणि हेमालीने पैज लावली होती की राही हे सगळ्या वर्गासमोर विचारूच शकत नाही. गेल्या वर्षीपर्यंत त्या जिंकल्या असत्या. हजेरीत नुसतं नाव आलं तरी माझे कान तापायचे. पण यंदाची मी वेगळी आहे. उभी राहिले, ओढणी सारखी केली आणि विचारून मोकळी झाले. मागच्या बाकावरून प्रज्योत हळूच "भूत" म्हणाला आणि सगळा वर्ग हसला.

सुचिता मॅडम हसल्या नाहीत. चांगला प्रश्न आहे म्हणाल्या, उत्तर मला माहीत नाही म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की करून बघू.

यंदाची मी वेगळी झाले त्याला कारणही मॅडमच. त्या आम्हाला दहावीला विज्ञान शिकवतात. जूनमध्ये त्यांनी 'चिमूट' सुरू केली. रोज संध्याकाळी वर्गाच्या ऑनलाइन फळ्यावर प्रत्येकाने काहीतरी इवलंसं करून टाकायचं. कधी दहा सेकंदांचा आवाज, कधी बोटाने काढलेलं चित्र, कधी एका ओळीची गोष्ट. जेवणातल्या मिठाएवढं, म्हणून चिमूट. माझी पहिली चिमूट म्हणजे आमच्या पत्र्यावर नारळ पडल्याचा आवाज. तो इतका गाजला की नववीची मुलंसुद्धा मला "ती नारळवाली" म्हणून ओळखायला लागली. तेव्हापासून माझं तोंड जे उघडलं ते उघडलंच. आई म्हणते, रेडिओ जरा बंद ठेव.

गडबड एवढीच झाली की माझ्या चिमटीचं हळूहळू पोतं व्हायला लागलं. गावच्या उघाडीवर मी व्हिडिओ केला होता. आमची अर्धी शेती खाडीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे लाकडी झडपेचं दार. भरतीला बाहेरचं पाणी झडप दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. कोणी लावायला नको, कोणी उघडायला नको. हे सांगायला मी एक कोळीगीत लावलं, नाचते बाण टाकले, गॉगल घातलेला खेकडा टाकला, खालून अक्षरं पळवली आणि वरून तीच अक्षरं मोठ्याने वाचलीसुद्धा. मॅडम म्हणाल्या, छान आहे, पण ही वरातीतली मिनीडोअर झाली. (मिनीडोअर म्हणजे आमच्याकडची सहा सीटांची रिक्षा.)

मग त्यांनी समजावलं. आपलं डोकं म्हणजे पोयनाडच्या नाक्यावरची मिनीडोअर. सीटा मोजक्याच. चित्र, गाणं, अक्षरं, आवाज असं सगळं एकदम कोंबलं की ज्याला न्यायचंय तोच माणूस नाक्यावर राहतो. म्हणून शिकवायचं असेल तर फुकटे प्रवासी आधी उतरवायचे. त्यावरूनच पूनमच्या डोक्यात तो सीटचा प्रश्न आला होता.

मॅडमनी माझ्याचकडून त्या व्हिडिओचा दुसरा अवतार करून घेतला. गाणं गेलं, बाण गेले, खेकडा गेला, अक्षरं गेली. उरली फक्त उघाडी, बांध, वर येणारं पाणी आणि माझा आवाज. शूटिंग मी फोन दगडाला टेकवून भर दुपारी केलं होतं. बांधावर तेव्हा मी सोडून कोणी नव्हतं. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण नंतर मला हे सगळ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

शुक्रवारी संगणकाच्या खोलीत अर्ध्या वर्गाने वरातीचा व्हिडिओ पाहिला, अर्ध्याने साफ केलेला. दोन्हींना चिमूट एकच होती. जे आठवतंय ते बोटाने काढा, खाली एक ओळ लिहा, फळ्यावर टाका. मी मॅडमजवळ उभी राहून चित्रं येताना बघत होते.

वरातीवाल्यांची चित्रं आधी आली. खेकडा, गॉगल, खेकडा, एक होडी (व्हिडिओत होडी नव्हतीच, ती कोळीगीतातून आली असणार), पुन्हा खेकडा. झडप कोणीच काढली नव्हती.

मग साफवाल्यांची यायला लागली. झडप बरोबर, पाणी बरोबर, दाबाचा बाणसुद्धा बरोबर. मी मनातल्या मनात उड्या मारत होते. तेवढ्यात मॅडमनी मला विचारलं, ही बाई कोण. मी म्हटलं, कुठली बाई.

बांधावर एक बाई होती. पहिल्या चित्रात, दुसऱ्यात, तिसऱ्यात. काष्टा घातलेली, डोक्याला फडकं बांधलेली. एक पाय पुढे, आणि त्या पायाची टाच मातीत रोवलेली, बोटं वर. ज्या प्रज्योतला काडीच्या माणसापलीकडे काही काढता येत नाही, त्याच्या काडीच्या बाईचीही टाच रोवलेलीच होती.

हे लोक माझी गंमत करतायत असं मला वाटलं. मी सरळ पूनमकडे गेले. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिची गंमत करतेय. "अगं, होती ना ती," ती म्हणाली. "सुरुवातीपासून चालत होती. व्हिडिओ तुझा आणि तुलाच माहीत नाही?"

मॅडमनी व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. सगळ्यांनी डोळे ताणून पाहिला. बाई नव्हती. थांबवून थांबवून पाहिला. नव्हती. ज्यांनी तिला काढलं होतं त्यांनाही आता ती दिसेना. हेमाली तर रडकुंडीला आली. मॅडम पडद्याकडे बघतच म्हणाल्या की शोधताना डोकं भरलेलं असतं, तेव्हा सीट रिकामी नसते. हे आपण कशाला बोललो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

मॅडम विज्ञानाच्या. त्यांनी ठरवलं की एकाने कुजबुज केली आणि बाकीच्यांनी उचललं. म्हणून शनिवारी सकाळी त्यांनी दुसऱ्या तुकडीतल्या मुलांना एकेकट्याला बसवलं. कोणाला काही सांगितलं नाही, आमच्या तुकडीला तिकडे फिरकू दिलं नाही. साफ व्हिडिओ, एक चित्र, एक ओळ, आणि मागच्या दाराने थेट घरी.

तरी बाई आलीच. पण आता ती उघाडीजवळ नव्हती. पुढे गेली होती. प्रत्येकाच्या चित्रात थोडी थोडी पुढे.

ते लक्षात आलं प्रज्योतच्या. त्या दिवशीची त्याची चिमूट म्हणून त्याने बाईची सगळी चित्रं, आमची आणि त्यांची, आली त्या क्रमाने एकापुढे एक लावली आणि पळवली. फोनवर दिसलं ते असं. उघाडी थरथरत होती, कारण प्रत्येकाने ती वेगळी काढलेली. पाणी उड्या मारत होतं. झाड मध्येच यायचं, मध्येच जायचं. त्या सगळ्या हलत्या कचऱ्यातून ती बाई एकटीच नीट चालत होती. टाच रोवायची, थांबायची, मान जरा कलती करायची. मग पुढची टाच. वेगवेगळ्या बोटांनी काढलेली एकच चाल. आणि शेवटच्या चित्रात ती बांधावर बसली होती, हात गुडघ्यांवर, मान खाली. त्या चित्राखाली बाहेरगावाहून येणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं, "ती दमलीय."

प्रज्योतने त्याला एकही हसरा चेहरा जोडला नव्हता.

घरी जाताना नाक्यावर चांगदेवकाका भेटले. बांधाची सगळी व्यवस्था तेच बघतात. आमच्याकडे बांधाचे वाटे आहेत. ज्याचं शेत, त्याचा बांधाचा तुकडा. उधाणाच्या दिवसांत भरतीच्या वेळी, म्हणजे भर दुपारी, प्रत्येक घरच्या माणसाने आपल्या तुकड्यावर फेरी मारायची, खेकड्यांची बिळं शोधून चिखलाने बुजवायची, आणि फेरी झाली याची खूण म्हणून टोकाला तिवराची, म्हणजे खारफुटीची, हिरवी डहाळी खोचायची. चुकून एखादं बीळ राहिलं की तिथूनच बांध जातो. शेजारच्या गावाचा गेला. खारं पाणी आत शिरलं, आता तिथे भात नाही, तिवरी माजल्यात. एवढं मला माहीत होतं. आमची फेरी कोण मारतं, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणून काकांना विचारलं.

काका म्हणाले, "तुमच्या घरची काळजीच न्हाय, पोरी. हामी जायाच्या आधी तुमची डहाळी लागलेली असते. लांबून दिसते कधी कधी, बाईमाणूस हाय ना? तुझी आईसच असंल."

माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. भर दुपारी ती पोरांना खिचडी वाढत असते. मी हे काकांना सांगितलं नाही.

संध्याकाळी बाबा घरी होते. ते बंदरावर ट्रेलर चालवतात, घरी असले की चहाचा कप हातातून खाली ठेवत नाहीत. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की आपल्याकडून बांधावर कोण जातं. आई म्हणाली, चांगदेवभावजी बघतात ना. बाबा म्हणाले, हो, ट्रेलर धरला तेव्हाच मी त्याला सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे जरा बघ. मग मी चांगदेवकाका काय म्हणाले ते सांगितलं. बाबा हसले. चांगदेवला आता लांबचं दिसत नाही, म्हणाले.

मी प्रज्योतची चिमूट लावून फोन पुढे केला.

बाबांनी पहिल्यांदा नुसतंच बघितलं. दुसऱ्यांदा बाईची टाच मातीत रुतली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"ठमीआते," ते म्हणाले.

ठमीआते म्हणजे आजोबांची बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली आणि बांधाची फेरी तिने आपल्याकडे घेतली, ती कोणाला दिलीच नाही. बांध आतून पोकळ झाला असेल तर तिला टाचेला कळायचं. टाच रोवायची, मान कलती करायची, आणि इथे खणा म्हणायची. बाबा लहानपणी तिची नक्कल करून मार खायचे. मी बालवाडीत असताना ती खोकल्याच्या दुखण्याने अलिबागच्या दवाखान्यात वारली. मला तिचा चेहराही आठवत नाही. घरात तिचा फोटो नाही. आणि बाहेरगावच्या मुलांना तर ती कुठून माहीत असणार.

बाबा म्हणाले की तिच्यामागे आपल्या घरून बांधावर कोणी गेलंच नाही. त्यांना वाटलं चांगदेवकाका बघतात. चांगदेवकाकांना डहाळी दिसायची, त्यांना वाटलं आपल्याकडून कोणी येतं. बांध टिकला होता, म्हणून कोणी कोणाला विचारलं नाही.

आईने गॅस बंद केला. "मग इतकी वर्षं डहाळी कोण लावतंय?"

मग तीच म्हणाली, उद्या बांधावर नारळ देऊ. बाबा म्हणाले, उद्या मोठं उधाण आहे, रोजाने एक माणूस लावू. मी म्हटलं, ती नारळ मागत नाहीये, ती दमलीय, आणि ती बसली तर उद्याची फेरी कोण मारणार. आपलं भात पोटरीला आलंय आणि बांधापलीकडे खाडी आहे. यावर आईने मला दहावीची आठवण करून दिली आणि त्या बांधाकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं.

रविवारी बाबा माणूस शोधायला बाहेर पडले, आई मागच्या दारी मासळी साफ करत होती, आणि मी निघाले. पूनम आणि हेमाली सडकेपर्यंत आल्या. पूनम म्हणाली, आम्ही इथूनच बघतो. हेमाली म्हणाली, मी बघणारसुद्धा नाही. ती बांधाकडे पाठ करून उभी राहिली.

बांधावर वारा नव्हता. उधाणाचं पाणी आवाज न करता वर येत होतं, नुसतं फुगत. एकेका वाट्याच्या टोकाला हिरव्या डहाळ्या लागलेल्या दिसत होत्या, सगळे फेरी मारून जेवायला गेले होते. आमच्या टोकाला डहाळी नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मला भीती वाटली की मी जास्त बोलते. म्हणून मी मोठमोठ्याने बोलत चालले. इथे काही नाहीये, ऊन आहे, बगळा आहे, ठमीआते, मी राही, परेशची मुलगी. हातात फोन, फोनवर शूटिंग चालू, एक डोळा फोनवर, एक पाण्यावर. सगळा तुकडा चालून झाला. मला एकही बीळ सापडलं नाही.

तेव्हा मला हसू आलं. मी पुन्हा वरात घेऊन आले होते.

फोन बंद केला आणि खिशात टाकला. बोलणं बंद केलं. हे दुसरं जास्त अवघड गेलं. मग पाणी बघणंही सोडलं, बाई शोधणंही सोडलं, फक्त पायाखालची माती तेवढी ठेवली. चप्पल काढली आणि परत उघाडीपासून सुरुवात केली.

थोडं चालल्यावर तळव्यांना एक ठोका लागला. ऐकू नाही आला, लागला. शेजारच्या खोलीत कोणी उखळात कांडत असेल आणि आपण जमिनीवर निजलेले असू, तसा. मी थांबले. तो थांबला. मी चालले, तो माझ्या जरा पुढे. मान वर करायची नाही, एवढं मला कळत होतं. मान वर केली की डोकं भरणार. ओल्या मातीत माझ्यापुढे खळगे होते, गोल, खोल, नुसत्या टाचेचे. बोटांचा ठसा एकही नाही. त्यांत पाणी नुकतंच झिरपत होतं.

खळगे एका जागी संपले. तिथे माती दबलेली होती, कोणी बसून उठल्यासारखी.

मी तिथे टाच रोवली. खालून पोकळ लागलं.

बांधाच्या आतल्या अंगाला, आमच्या भाताकडे, करंगळीएवढी धार बाहेर येत होती. चव घेतली, खारट. मी खाली उतरून चिखल ओढला आणि भोकात कोंबला. धारेने तो बाहेर फेकला. पुन्हा कोंबला. भोक मोठं होत होतं, मी दोन्ही हातांनी दाबून धरलं तर चिखल आणायला हात उरेना, आणि हात काढला की पाणी. पूनमला हाक मारावी तर सडक लांब होती. आता जाणार, असं वाटलं. आमच्यामुळे सगळ्या गावाचं जाणार.

मग माझ्या हातांवर गार वजन आलं. मी डोळे मिटून घेतले. वजन वाढलं, चिखल घट्ट झाला, हाताखालची धडधड कमी कमी होत थांबली. खोकल्याचा एक बारीक आवाज कानाजवळ झाला, कोणीतरी आवरून धरलेला.

डोळे उघडले तेव्हा पाणी थांबलं होतं. बुजवलेल्या चिखलावर पंजे उमटलेले होते. माझे दोन. आणि माझ्या दोन्ही पंजांना बाहेरून धरून असलेले, जास्त रुंद, आणखी दोन.

मी चिखल थापला, अजून थापला, एक तिवराची डहाळी मोडली, टोकाला नेऊन खोचली आणि मनात म्हटलं, ठमीआते, आता फेरी माझी. येताना मला माझ्या पावलांशिवाय कसलाच ठोका लागला नाही. इतकी शांतता मला आवडत नाही, पण तेव्हा मी ती मोडली नाही.

सडकेवर पूनमने विचारलं की काय झालं. मी म्हटलं, ते नंतर सांगते, आधी चांगदेवकाकांकडे चला. काका येऊन बीळ बघून गेले, दोन माणसं लावून तिथे नीट माती भरली. ते पंजे त्यांनी पाहिले का, मला ठाऊक नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले की तुझ्या हाताला जोर हाय.

मी घरी पोचले तेव्हा बाबा पुढच्या पडवीत उभे होते आणि आई त्यांच्या मागे. मी कोपरापर्यंत चिखलाने भरलेली. आईने आधी माझे हात पाहिले, मग चेहरा, आणि ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं. बाबांनी विचारलं, माणूस कशाला लावायचा होता मग, तू गेलीसच. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. बांधावर काय झालं ते मी सांगितलं, खोकल्यासकट.

आई म्हणाली की दहावीचं वर्ष आहे, दुपारची शाळा असते, आणि तू मुलगी. बाबा म्हणाले, मी पाळी बदलून घेतो, रात्रपाळी मागतो, काहीतरी करतो.

मी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलले नाही, हे त्यांनी नंतर लोकांना बाकी कशापेक्षाही जास्त सांगितलं असणार. मग म्हटलं, "तुम्ही काही बदलू नका, बाबा. पुढच्या उधाणापासून आपल्या घरची फेरी मी मारणार. शाळा असेल तेव्हा मधल्या सुट्टीत सायकलने जाईन आणि येईन. चांगदेवकाकांना मी तसं सांगून आलेय, आणि ठमीआतेला पण."